लोकरीचा साठा: जागा जाडीनुसार, हिशोब मीटरमध्ये

प्रश्न थोडक्यात असा आहे: बऱ्याच वर्षांत जमलेली लोकर सात-आठ पिशव्यांत कोंबून ठेवली आहे. निम्म्या गुंड्यांची लेबलं हरवली आहेत. घरात आधीच असलेला निळा रंग पुन्हा घेतला गेला आणि तो नेमका वेगळ्या डाय लॉटचा (वेगळ्या वेळी रंगवलेल्या मालाचा) निघाला. एक्सेलमध्ये यादी करायचा दोनदा प्रयत्न झाला, पण वीस रकाने भरता भरता उत्साह संपला. तर हा साठा रंगानुसार लावावा, कंपनीनुसार की जाडीनुसार? आणि नोंद कशात ठेवावी?

मी विणकाम शिकवते, आणि शिकणाऱ्यांच्या घरचे साठे लावायला बसायची वेळही बऱ्याचदा येते. तो अनुभव धरून सांगते. पिशव्या आणि रकाने ही तुमची वरवरची अडचण आहे. एखादं डिझाइन आवडलं की "हे माझ्याकडच्या लोकरीत होईल का?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पाच मिनिटांत मिळत नाही, आणि ते मिळत नाही म्हणून पुन्हा खरेदी होते. काय कुठे ठेवायचं, काय लिहायचं आणि किती लिहायचं हे या एका प्रश्नावरून ठरवा. ज्या रकान्याचा हे उत्तर मिळवायला उपयोग नाही, तो सरळ काढून टाका. वीस रकान्यांचे आठ होतील.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. साठा एका खणात मावत असेल आणि खण उघडला की सगळं नजरेसमोर येत असेल, तर यादी करायची गरजच नाही. साठ्यात बहुतेक ॲक्रिलिक असेल तर किडीची फार काळजी करू नका. पण मेंढीची लोकर, अल्पाका, मोहेर, अंगोरा किंवा रेशीम असेल, तर खाली किडीबद्दल लिहिलं आहे ते सगळ्यात आधी करा, मांडणी नंतर. तिसरं म्हणजे तुमची सवय. डिझाइन आधी आणि लोकर नंतर असं तुमचं चालत असेल तर आकडे नेमके हवेत. हातात आलेली लोकर बघून मग काय विणायचं ते सुचत असेल, तर आकडे अंदाजे चालतील, फोटो मात्र चांगले हवेत.

आता मांडणी. एक गुंडा एका वेळी एकाच जागी असतो, त्यामुळे कपाटातली मांडणी एकाच निकषावर होऊ शकते. बरेच जण एक खण "निळे", दुसरा "बाळांसाठी" आणि तिसरा "महागाची लोकर" असा लावतात. मग मऊ, महागाची, निळी लोकर कुठल्या खणात जाणार? ती आज इथे आणि उद्या तिथे जाते, आणि शोधताना तिन्ही खण उपसावे लागतात. म्हणून जागेसाठी एकच निकष ठरवा आणि बाकीचे सगळे यादीवर सोपवा. यादी हव्या त्या क्रमाने क्षणात लावता येते, कपाट तसं लावता येत नाही.

तो एक निकष जाडी असावा, असं माझं ठाम मत आहे. डिझाइनमधला रंग तुम्ही बदलू शकता, कंपनी बदलू शकता, बऱ्याचदा तंतूही बदलू शकता. जाडी बदलली की टाक्यांचा हिशोब बदलतो, माप बदलतं, सुया बदलतात. थोडक्यात, डिझाइन वाचल्यावर साठ्याला विचारायचा पहिला प्रश्न जाडीचाच असतो. रंगानुसार लावलेलं कपाट सुंदर दिसतं हे मला मान्य आहे, आणि फक्त एकाच जाडीत दोन-तीन रंगांचं नक्षीकाम करणाऱ्यांनी ते जरूर तसं लावावं. बाकीच्यांनी आधी जाडीचे गट करावेत आणि हौस असेल तर गटाच्या आत रंग लावावेत.

गट किती करायचे? अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलची ० ते ७ अशी आठ गटांची पद्धत बऱ्याच लेबलांवर छापलेली असते: ० म्हणजे लेस, १ फिंगरिंग, २ स्पोर्ट, ३ डीके, ४ वर्स्टेड, ५ बल्की, ६ सुपर बल्की आणि ७ जंबो. घरच्या साठ्याला एवढे गट सहसा लागत नाहीत. लेस आणि फिंगरिंग एकत्र, स्पोर्ट आणि डीके एकत्र, वर्स्टेड वेगळं आणि त्याहून जाड ते सगळं एका जागी, असे चार गट पुरतात. लेबलवर "प्लाय" लिहिलेलं असेल तर जरा जपून. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत ४ प्लाय म्हणजे साधारण फिंगरिंग आणि ८ प्लाय म्हणजे डीके. अमेरिकी लेबलवर तेच "४ प्लाय" म्हणजे फक्त चार पदर एकत्र पिळलेले, आणि ते सूत चांगलं जाड वर्स्टेडही असू शकतं. अशा वेळी लेबलवरचा टाक्यांचा आकडा बघा. १० सेंटिमीटरमध्ये २७ ते ३२ टाके असतील तर गट १, २१ ते २४ असतील तर गट ३, १६ ते २० असतील तर गट ४.

हे झालं जागेचं. यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे: प्रमाण मीटरमध्ये लिहा. "पाच गुंडे" या नोंदीतून काहीच कळत नाही, कारण गुंडा २५ ग्रॅमचा असतो, ५० चा असतो, १०० चाही असतो. "२५० ग्रॅम" या नोंदीतूनही पुरेसं कळत नाही. १०० ग्रॅम फिंगरिंग साधारण ४०० मीटर भरतं, १०० ग्रॅम डीके २०० ते २५० मीटर, आणि बल्की जेमतेम १०० ते १३०. म्हणजे तेवढ्याच वजनात एकीकडे मोज्यांची जोडी होते आणि दुसरीकडे एखादी टोपी. डिझाइनला किती लोकर लागेल हे मीटरमध्येच कळतं, म्हणून साठाही मीटरमध्येच मोजलेला हवा.

लेबल असेल तर हे अगदी सोपं आहे. समजा लेबल सांगतं ५० ग्रॅम म्हणजे १२० मीटर, आणि उरलेला अर्धवट गुंडा वजनकाट्यावर १८ ग्रॅम भरला. १८ ला १२० ने गुणा, ५० ने भागा: ४३ मीटर. एवढ्या ४३ मीटरांचं काय होतं, त्याचाही अंदाज करता येतो. साध्या सुलट विणीत एका ओळीला, विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. रुंदी ५० सेंटिमीटर असेल तर ओळीला दीड मीटर. टाके बंद करण्यासाठी रुंदीच्या चौपट, म्हणजे दोन मीटर, बाजूला ठेवले तर उरलेल्या ४१ मीटरांत २७ ओळी होतात. डीके जाडीत हे साधारण नऊ-दहा सेंटिमीटर भरेल. गळपट्टीला पुरेल की नाही हे आता विणायच्या आधीच कळलं.

मोठ्या कामांसाठी काही ढोबळ आकडे डोक्यात असू द्या. प्रौढ माणसाच्या मोज्यांना फिंगरिंगचे ३५० ते ४०० मीटर लागतात, डीके जाडीच्या टोपीला १५० ते २००, आणि मध्यम मापाच्या, पूर्ण बाह्यांच्या डीके स्वेटरला ११०० ते १४०० मीटर. केबलच्या (वेणीसारखा पीळ दिसणाऱ्या) विणीला यापेक्षा जास्त लागतं, जाळीदार विणीला कमी. कुठल्याही अंदाजावर दहा टक्के वाढवून धरा. दोन-तीन गुंडे असले की आपल्याला ते स्वेटरभर वाटतात, आणि साठे फुगतात ते बऱ्याच अंशी यामुळेच. मीटर लिहिले की ३६० मीटर हे मोज्यांचं किंवा टोपी-मफलरचं प्रमाण आहे हे स्पष्ट दिसतं, आणि मग तेवढ्यासाठी आणखी गुंडे शोधत फिरावं लागत नाही.

वजनाबद्दल एक बारीक गोष्ट. लोकर हवेतला ओलावा भरपूर शोषते. ती तिच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. त्यामुळे दमट दिवसांत केलेलं वजन किंचित जास्त भरतं. घरच्या हिशोबाला हा फरक चालून जातो, फक्त काठावरच्या आकड्यावर विसंबून मोठं काम सुरू करू नका. ॲक्रिलिकला हा प्रश्न जवळपास नसतोच.

आता लेबल नसलेले गुंडे. तुमच्याकडे ते निम्मे आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लडी असेल तर मोजणं सगळ्यात सोपं. लडीचं एक वेटोळं किती लांब आहे ते मोजा आणि एका जागी किती धागे आहेत ते मोजा. वेटोळं दीड मीटरचं आणि धागे १४० असतील तर लांबी २१० मीटर. वजन १०० ग्रॅम भरलं तर हे डीके किंवा वर्स्टेड. गुंडा असेल तर आधी अख्ख्याचं वजन करा, मग २० मीटर मोजून उलगडा, तो भाग काट्याच्या बाहेर सैल ठेवा आणि उरलेल्याचं पुन्हा वजन करा. धागा कापायची गरज नाही. ६५ ग्रॅमचा गुंडा ५७ वर आला, तर २० मीटरला ८ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला २५० मीटर, आणि अख्खा गुंडा साधारण १६० मीटरांचा. घरचा काटा एक-एक ग्रॅमच दाखवत असेल तर पाच मीटर मोजून हा हिशोब करू नका, चूक फार मोठी होते. बारीक सुताला २० ऐवजी ४० मीटर उलगडा.

मीटरवरून जाडी ओळखताना तंतू लक्षात घ्यावा लागतो. कापूस लोकरीपेक्षा जड आहे. घनता बघितली तर कापूस १.५४, लोकर १.३१ आणि ॲक्रिलिक साधारण १.१७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणून १०० ग्रॅमला २०० मीटर भरणारं सुती सूत त्याच आकड्याच्या लोकरीपेक्षा बारीक असतं. शंका आली तर पट्टीभोवती धागा गुंडाळून बघा: वेढे एकमेकांना टेकलेले हवेत पण दाबलेले नकोत, आणि धागा ताणायचा नाही. पाच सेंटिमीटरमधले वेढे मोजून निम्मे करा. साधारण ९ ते ११ वेढे आले तर वर्स्टेड, ११ ते १४ आले तर डीके, १४ च्या पुढे फिंगरिंग आणि त्याहून बारीक. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून जाडी माहीत असलेला एखादा गुंडा आधी गुंडाळून बघा आणि त्याच्याशी तुलना करा.

तंतू ओळखायला मी दोन परीक्षा करते. पहिली निरुपद्रवी: धाग्याची दोन टोकं पीळ सोडवून एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि दोन तळव्यांमध्ये जोरात चोळा. टोकं एकमेकांत मुरली तर ती प्रक्रिया न केलेली लोकर आहे, म्हणजे मशीनमध्ये धुतली तर ती आटून घट्ट होईल. मुरली नाहीत तर ते सुपरवॉश (आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर), सुती किंवा कृत्रिम सूत. दुसरी परीक्षा जाळून बघायची. केस बांधा, चिनी मातीची बशी खाली ठेवा, पाणी जवळ ठेवा आणि बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीला लावा. लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कापूस झपकन पेटतो, कागदासारखा वास येतो, विझल्यावरही टोकाला निखारा धुमसत राहतो आणि राख मऊ, करडी असते. ॲक्रिलिक, नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळतात आणि शेवटी टणक मणी उरतो. जळक्या केसांचा वासही आला आणि मणीही उरला, तर मिश्रण समजा आणि किडीच्या दृष्टीने त्याला लोकरच धरा. यानंतरही खात्री झाली नाही तर "तंतू: शंका" असं लिहून पुढे जा. त्या एका गुंड्यासाठी सगळं काम अडवू नका.

तुमच्या निळ्या रंगाबद्दल. डाय लॉट म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेला माल. क्रमांक बदलला की छटा किंचित बदलू शकते, आणि गुंडे शेजारी ठेवून जो फरक दिसत नाही तो स्वेटरच्या पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. म्हणून यादीत प्रत्येक लॉटची ओळ वेगळी ठेवा आणि दोन लॉटची बेरीज एकाच आकड्यात कधीही करू नका. दोन्ही निळे एकत्र वापरायचे असतील तर दोन ओळी एका लॉटच्या आणि दोन ओळी दुसऱ्याच्या असं आलटून पालटून विणा, म्हणजे सीमा कुठेच दिसत नाही. किंवा दुसरा लॉट काठ, मनगट आणि गळपट्टी यांना ठेवा. तिथे वीणच बदलते, त्यामुळे छटेचा फरक डोळ्याला खटकत नाही. हाताने रंगवलेल्या लडी एकाच लॉटच्या असल्या तरी एकसारख्या असतीलच असं नाही, तिथे मी दर वेळी आलटून पालटूनच विणते.

आता यादी. रकाने हे आठ: क्रमांक, नाव आणि रंग, तंतू, जाडीचा गट, मीटर, डाय लॉट, जागा आणि शेरा. क्रमांक साधा चढता ठेवा, १ पासून पुढे. त्यात रंग किंवा जाडीची संकेताक्षरं घालायचा मोह होतो, पण गुंडा एका गटातून दुसऱ्यात हलवला की तो क्रमांक खोटा ठरतो. संपलेल्या लोकरीचा क्रमांक पुन्हा वापरू नका. मीटरच्या रकान्यात फक्त आकडा लिहा, पुढे "मी." लावू नका. नुसता आकडा असेल तर एक्सेल "जाडी डीके, मीटर ११०० पेक्षा जास्त" असं क्षणात गाळून देतं, अक्षरं लागली की तो साधा मजकूर बनतो आणि बेरीज होत नाही. शेऱ्यात किंमत, कुठे घेतली, कुणी दिली हे हवं असेल तर लिहा, पण ते भरलं नाही म्हणून ओळ अपुरी समजू नका. त्या आधीच्या याद्या अर्धवट राहिल्या त्या बहुधा अशाच रकान्यांपायी.

क्रमांक जाड कागदाच्या चिठ्ठीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून पिशवीच्या आत टाका, चिकटपट्टी लावू नका, ती सुटते. मूळ लेबल असेल तर तेही त्याच पिशवीत राहू द्या, धुण्याच्या खुणा त्यावरच असतात.

वही, एक्सेल की ॲप हा प्रश्न त्यामानाने गौण आहे. हाताने लिहायची सवय असेल तर वही चालेल, फक्त प्रत्येक गटाला वेगळी पानं द्या आणि मीटर पेन्सिलीने लिहा. २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळावर साठा नोंदवायची चांगली सोय आहे. तिथे लोकरीची माहिती आधीच भरलेली असते, डाय लॉट आणि जागा लिहिता येते, आणि नंतर सगळी यादी एक्सेलसाठी उतरवूनही घेता येते. साठ्यात नावाजलेल्या कंपन्यांची लेबलं असलेली लोकर जास्त असेल तर ती सोयीची. तुमच्यासारखा निम्मा साठा बिनलेबलाचा असेल तर साधी एक्सेल मला बरी वाटते. ज्या साधनात तुम्ही गुंडा बाहेर काढताना लगेच आकडा बदलाल, ते साधन घ्या. पिशवीतून लोकर काढली की त्याच वेळी नोंद, काम संपलं की उरलेल्याचं वजन करून पुन्हा नोंद. हे दोन क्षण पाळले तर यादी खरी राहते.

फोटो काढताना दिवसाचा उजेड हवा, पण थेट ऊन नको. फ्लॅश बंद. प्रत्येक फोटोत तीच एक पांढरी वस्तू, कागदाचा तुकडासुद्धा चालेल, ठेवली तर रंगांची तुलना करता येते. दोन रंगांचं नक्षीकाम करणाऱ्यांनी तोच फोटो कृष्णधवल करून बघावा. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटले, तरी कृष्णधवलमध्ये दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर त्या जोडीत नक्षी उठणार नाही. विणून उसवण्याआधी हे फोनवर कळतं.

इथपर्यंतचं एका दमात: जागा जाडीनुसार, प्रमाण मीटरमध्ये, प्रत्येक लॉटला वेगळी ओळ, आणि बिनलेबलाच्या सुतासाठी काटा, मोजपट्टी आणि चोळून बघायची परीक्षा.

आता कीड. लोकर खातात त्या कपड्यांवरच्या पतंगाच्या अळ्या, प्रौढ पतंग काहीच खात नाही. तो साधारण सहा ते आठ मिलिमीटरचा, फिकट सोनेरी असतो, आणि दिव्याकडे येण्याऐवजी अंधारात पळतो. दिव्याभोवती फिरणारे पतंग बघून घाबरू नका, आणि कपाटाच्या कोपऱ्यात लपणाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. अळीला लोकर, केस, रेशीम यांतली प्रथिनं पचवता येतात, म्हणून शुद्ध सुती किंवा ॲक्रिलिक सुतावर ती जगत नाही. मिश्र सुतातली लोकर मात्र ती खाते. खुणा ओळखा: गुंड्यात तुटलेली टोकं, पांढऱ्या रेशमी नळ्या किंवा जाळी, आणि वाळूच्या कणांसारखी विष्ठा. ही विष्ठा खाल्लेल्या लोकरीच्याच रंगाची असते, त्यामुळे गडद गुंड्यावर पटकन दिसत नाही. पांढऱ्या कागदावर गुंडा झटकून बघा. केसाळ, तपकिरी अळी दिसली तर ती गालिच्यावरच्या भुंग्याची. उपाय तोच.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे थंडी. लोकर जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि उणे १८ अंशांच्या घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती बंद राहिली तर दव पिशवीच्या बाहेर जमतं, लोकरीवर नाही. मोठा गठ्ठा आतपर्यंत गार व्हायला वेळ लागतो, म्हणून लहान लहान पिशव्या करा. नवीन लोकर, विशेषतः कुणाच्या तरी जुन्या साठ्यातून आलेली, याच वाटेने घरात घ्या. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर ती काही आठवडे बंद पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवा आणि अधूनमधून बघा. या काळात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, कारण अळीची वाढ परिस्थितीनुसार दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लांबते.

लॅव्हेंडर आणि देवदाराचे तुकडे वासाला छान आहेत, पण लागलेली कीड त्यांनी मरत नाही. डांबराच्या गोळ्या मी विणकामाच्या लोकरीत अजिबात ठेवू देत नाही. त्यांतलं नॅप्थलीन कपड्यांत मुरतं, आणि जी६पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांना अशा कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो. आपण विणतो त्यातलं कितीतरी तान्ह्या बाळांसाठीच असतं.

साठवणीचे बाकीचे नियम छोटे आहेत. पारदर्शक झिपच्या पिशव्या चांगल्या, पण लोकर पूर्ण कोरडी असल्याशिवाय बंद करू नका. ओलावा आत अडकला की बुरशी येते. दमट हवेत प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. पुठ्ठ्याची खोकी टाळा, पुस्तकांत सापडणारी चंदेरी कसर त्यातच घर करते आणि ती सुती सूत आणि लेबलंही कुरतडते. हवा शोषून चपट्या होणाऱ्या पिशव्या प्रवासापुरत्या ठीक, वर्षानुवर्षं ठेवायला नकोत. उघड्या फळीवर मांडायचीच असेल तर खिडकीपासून दूर. गुंड्याची बाहेरची बाजू उन्हाने विटते आणि आतली नाही, मग विणल्यावर फिके-गडद ठिपके उठतात. लडी असेल तर विणायला घेईपर्यंत तिचा गुंडा करू नका. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात कपडा आखडतो.

सुरुवात कशी करायची? सगळ्या पिशव्या एकदम जमिनीवर ओतू नका. एक पिशवी घ्या, तपासा, वजन करा, क्रमांक द्या, जाडीच्या गटात ठेवा, नोंद करा, मगच दुसरी उघडा. मध्येच काम थांबलं तरी जेवढं झालं तेवढं पक्कं राहतं. पहिली पिशवी प्राण्यांच्या तंतूंची घ्या. साधारण २० मीटरपेक्षा कमी उरलेले तुकडे यादीत घालू नका. त्यातले पाच-सहा मीटर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून त्यावर कपड्याचं नाव लिहा, रफू करताना लागतात. बाकीचे एका बरणीत टाका.

अर्धवट विणकामांचीही नोंद हवी, कारण तुमच्या साठ्यातले बरेच मीटर त्यांत अडकलेले असतात. सुई काढून टाके जाड सुती दोऱ्यावर घ्या, आणि चिठ्ठीवर सुईचं माप, डिझाइन, कितवी ओळ आणि लोकरीचा क्रमांक लिहा. यादीत त्या ओळीच्या शेऱ्यात "गुंतलेली" असं टाका, म्हणजे हिशोब करताना ती मोकळी धरली जाणार नाही. जे काम तुम्हाला पुढे न्यायचं नाही हे मनात स्पष्ट आहे, ते उसवा. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगा. धाग्याच्या लाटा बऱ्याचशा सरळ होतात. पूर्ण वाळली की वेटोळ्याची लांबी आणि धागे मोजा, मीटर काढा आणि नवा क्रमांक देऊन यादीत घाला.